मैलाचा दगड, रुळाचा तुकडा, धक्क्याची पायरी: आपल्या विभागाचा वाहतूक वारसा जागेवरच कसा जपावा

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची काळजी घ्यायला यंत्रणा आहे. २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, त्याच्या एका कमानीला तडा गेला तरी बातमी होते. पण आपल्या नाक्यावरचा मैलाचा दगड, बैलांना पाणी पाजण्यासाठी बांधलेली दगडी प्याऊ, फलाटाच्या छपराचा कोरीव लोखंडी कंस, खाडीकाठच्या जुन्या धक्क्याच्या पायऱ्या, डांबरातून डोकावणारा रूळ? यांचं काय झालं हे पुष्कळदा ते गेल्यावरच कळतं. हा लेख अशा वस्तूंसाठी आहे आणि त्या आपल्या विभागातल्या रहिवाशांनी कशा वाचवाव्यात यासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरून चालू या. वाहतुकीशी संबंधित वस्तूचा अर्थ तिच्या जागेत असतो. मुंबईतले ब्रिटिशकालीन मैलाचे दगड फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचं अंतर सांगतात. तो दगड उचलून बागेत नेऊन ठेवला, त्याच्याभोवती फुलझाडं लावली, तर तो खोटं अंतर सांगू लागतो. म्हणून ‘सुरक्षित ठिकाणी हलवू’ असं कोणी सुचवलं की आपण आधी नाही म्हणायचं आणि जागेवरच काय करता येईल ते विचारायचं. खालचं सगळं काम त्या एका आग्रहासाठी आहे.

हद्द लहान ठेवा, पायी फिरा

संपूर्ण मुंबईचा वारसा जपायला निघालेला गट लवकर थकतो. एक स्टेशन आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं पायी जाता येईल एवढं अंतर, इतकीच हद्द घ्या. माहीम, कुर्ला, वेसावे, वांद्रे ही एकेकाळी वेगवेगळी गावंच होती आणि प्रत्येकाला स्वतःचा रस्ता, बंदर, नाका होता. त्या गावाएवढं क्षेत्र चार-पाच जणांना पेलतं.

फिरण्याआधी जुना नकाशा हाती हवा. ब्रिटिश सर्वेक्षण अधिकारी लाफ्टन यांच्या देखरेखीखाली १८६५ ते १८७२ या काळात झालेल्या सर्वेक्षणाचे नकाशे मुंबई बेटासाठी फार तपशिलाचे आहेत. राज्य पुराभिलेख संचालनालय आणि एशियाटिक सोसायटी या दोन ठिकाणी जुन्या नकाशांची चौकशी करावी. १९०९–१० चं मुंबई शहराचं गॅझेटिअर रस्ते, बंदरं, ट्राम, गोद्या यांच्यासाठी उपयोगी पडतं. जुन्या नकाशावर किनाऱ्याची रेषा पाहिली की बोरीबंदर, मशीद बंदर, चिंचबंदर ही नावं आज समुद्रापासून आत का आहेत ते दिसतं आणि धक्क्याचे अवशेष कुठे शोधायचे तेही समजतं. भराव टाकताना जुन्या धक्क्याचे दगड नेहमीच काढले जात नाहीत, कधी ते तिथेच गाडले जातात.

फिरताना नजर खाली ठेवा. डांबरावर डांबर चढत गेल्यामुळे मुंबईचे जुने रस्ते वर आले आहेत. मैलाचे काही दगड त्यामुळे डोक्यापर्यंत पदपथात बुडाले होते, अंक जमिनीखाली आणि वर नुसता काळा चौकोन. महापालिकेने अलीकडच्या काळात त्यातले बरेच मोकळे करून दुरुस्त केले, पण नव्या पदपथाच्या कामात ते पुन्हा बुडायला वेळ लागत नाही.

वस्तू वाचायला शिका

समजा दगडावर रोमन अंकांत सहा आहे. सहा मैल म्हणजे सुमारे ९.६६ किलोमीटर. फोनवरच्या नकाशात सेंट थॉमस कॅथेड्रलपासून त्या दगडापर्यंतचं अंतर जुन्या रस्त्याने मोजा. उड्डाणपुलाने नाही आणि सरळ रेषेतही नाही. अंतर जवळपास जुळलं तर दगड मूळ जागी आहे असं म्हणायला आधार मिळतो. अर्धा-पाऊण किलोमीटरचा फरक आला तर एकतर दगड हलवलेला आहे किंवा जुना रस्ता वेगळ्या वळणाने जात होता. दोन्ही शक्यता नोंदवा, आणि घाईने निष्कर्ष काढू नका.

रुळाचा तुकडा सापडला तर टेप लावा. मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ ला कायमची थांबली. तिचे रूळ १४३५ मिलिमीटर अंतराचे होते. रेल्वेचे आणि पोर्ट ट्रस्टच्या मालगाड्यांचे रूळ १६७६ मिलिमीटरचे. दोन्ही रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजलं की ट्रामचा मार्ग होता की गोदीकडे जाणारी मालगाडीची लाइन, हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे समजतं. एकच रूळ दिसत असेल तर त्याचा माथा पाहा: रस्त्यात बसवलेल्या ट्रामच्या रुळाला चाकाची कड जाण्यासाठी खाच असते. पण रेल्वे फाटकांवर आणि गोदीच्या रस्त्यांवरही खाचेचे रूळ वापरले जातात, म्हणून दोन्ही खुणा जुळायला हव्यात. हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या परिसराचं काम चालू असताना ट्रामचे रूळ असेच जमिनीखाली आढळले होते. दादर टीटी, भायखळा, पायधुणी, कुलाबा या ट्रामच्या जुन्या वाटांवर खोदकाम होईल तेव्हा लक्ष ठेवायला हवं.

रुळाच्या उभ्या बाजूवर कारखान्याचं नाव, साल आणि वजन उठावाच्या अक्षरांत असतं. हे साल रूळ कारखान्यात तयार झाल्याचं, बांधकामाचं नव्हे. जुने रूळ पुढे छपराचे खांब, कुंपण, दिव्याचे खांब म्हणून वापरले गेले आहेत. १८९० चा रूळ खांब म्हणून उभा आहे म्हणून छप्पर १८९० चं ठरत नाही. अशा एका चुकीच्या सालाने सगळ्या अर्जाचा विश्वास जातो, म्हणून इथे मी फार कडक आहे.

स्टेशनात ‘जी.आय.पी.’ किंवा ‘बी.बी. अँड सी.आय.’ ही अक्षरं खांबांवर, बाकांवर, कंसांवर शोधा. पहिली मध्य रेल्वेची पूर्वज कंपनी, जिची गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, आणि दुसरी पश्चिम रेल्वेची. पुसट कोरलेलं वाचायचं असेल तर अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या अगदी बाजूने, जमिनीला समांतर धरा. सावलीमुळे अक्षरं उठून येतात. खडू, तारेचा ब्रश, आम्ल, टोकदार हत्यार यांतलं काहीही दगडाला लावू नका.

नोंद: खोदकामाच्या आधी

शहरातली रस्त्यांची कामं पावसाळा संपल्यावर सुरू होतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी उरकायची असतात. म्हणून आपली नोंद सप्टेंबरअखेर पूर्ण हवी. काँक्रिटीकरणाचं यंत्र दारात आल्यावर फोटो काढत बसायला कोणी वेळ देत नाही.

प्रत्येक वस्तूचं एक पान करा. त्यावर जागा (जवळची कायमची खूण आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश), तिन्ही मापं, साहित्य, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, आजची स्थिती आणि तारीख. फोटो चारही बाजूंनी, एकात मोजपट्टी ठेवून आणि एक लांबून, ज्यात शेजारच्या इमारती दिसतील. तो लांबचा फोटो बहुतेक जण विसरतात, आणि वस्तू हलवली गेल्यास ती कुठे होती हे सिद्ध करायला तोच उपयोगी पडतो. दरवर्षी त्याच ठिकाणी उभं राहून तोच फोटो पुन्हा घ्या.

रेल्वेच्या हद्दीत आधी स्टेशन मास्तरांना भेटा, कॅमेरा नंतर काढा. गोदीच्या आत तर परवान्याशिवाय पाऊलही टाकू नका. तिथली सुरक्षा कडक आहे आणि एका उत्साही फोटोमुळे गटाचं नाव खराब होतं.

ही वस्तू नेमकी कोणाची?

मला विचाराल तर सगळ्या कामाचं मर्म इथे आहे. अनेक चांगले अर्ज केवळ चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे मेले आहेत. एकाच चौकात रस्ता महापालिकेचा, वरचा पूल रेल्वेचा, बसथांबा बेस्टचा आणि कोपऱ्यातली प्याऊ एखाद्या धर्मादाय न्यासाची असू शकते.

रस्ता आणि पदपथ यांसाठी आपलं विभाग कार्यालय म्हणजे वॉर्ड ऑफिस, आणि त्यातला रस्ते किंवा परिरक्षण पाहणारा अभियंता. शिवाय महापालिकेचा पुरातन वारसा जतन विभाग वेगळा आहे, पत्राची एक प्रत तिकडे जाऊ द्या. स्टेशन, फलाट, रुळांवरचा पूल, यार्डाची भिंत यांच्यासाठी मंडळ रेल्वे व्यवस्थापकांचं कार्यालय: मध्य रेल्वेचं किंवा पश्चिम रेल्वेचं, हे नीट पाहून. महापालिकेला लिहून स्टेशनचं छप्पर वाचत नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या गोद्या आणि त्यांच्या मागच्या जमिनींसाठी मुंबई बंदर प्राधिकरण. वेसावे, मढ, गोराई अशा ठिकाणच्या जेट्टींसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ. बसथांबे, डेपो आणि बसशी संबंधित वस्तू बेस्टकडे. पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, आणि उपक्रमाचं आणिक आगारातलं संग्रहालय पाहिलं तर जुनं तिकीट, यंत्र, फलक कसे ओळखायचे याची नजर तयार होते.

मालकी कळत नसेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. शहरात सी.एस. नंबर, उपनगरात सी.टी.एस. नंबर लागतो. तरीही उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे: १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांची मुदत. अर्जात ‘वारसा जतनाबाबत माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक चौकातील अमुक मापाच्या दगडी प्याऊची देखभाल कोणत्या खात्याकडे आहे, आणि तिच्या भोवतालच्या रस्त्याच्या कामाच्या कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत द्यावी’ असं लिहा. कार्यादेशात कंत्राटदाराचं नाव आणि कामाची लांबी-रुंदी असते. तेच आपल्याला हवं आहे.

मग पत्र. लहान ठेवा, भावना बाजूला ठेवा:

‘महोदय, आपल्या विभागातील अमुक रस्त्यावर, अमुक इमारतीसमोरील पदपथावर जुना दगडी मैलाचा दगड आहे. मापे व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. या रस्त्याचे काम सुरू होणार असल्याचे समजते. कामादरम्यान दगड जागेवरून हलवू नये, त्याभोवती तात्पुरते लाकडी कुंपण घालावे, नवीन पदपथाची पातळी दगडावरील मजकुराच्या खाली राहील अशी काळजी घ्यावी, तसेच याबाबतची सूचना कंत्राटदारास लेखी द्यावी, ही विनंती. पाहणीच्या वेळी आम्ही उपस्थित राहू.’

पोच घ्या. तोच कागद कंत्राटदाराच्या मुकादमालाही हातात द्या, मराठीत आणि हिंदीत, आणि त्याला वस्तू प्रत्यक्ष दाखवा. जेसीबी चालवणाऱ्याने दगड ओळखला तर तो वाचतो. मंत्रालयातल्या पत्रापेक्षा या पाच मिनिटांवर माझा जास्त भरवसा आहे.

वारसा यादी आणि तिच्या मर्यादा

बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ मध्ये आली. आज विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधल्या ५२ व्या विनियमाखाली ती चालते. यादीतल्या वास्तूंच्या चार श्रेणी आहेत: एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन. यादीतल्या वास्तूत बदल करायचा असेल तर तिच्या श्रेणीप्रमाणे मुंबई वारसा जतन समितीचा सल्ला लागू शकतो. आपली वस्तू यादीत आहे का ते आधी पाहा. असेल तर प्रत्येक पत्रात तिचा यादीतला क्रमांक आणि श्रेणी लिहा, भाषा लगेच बदलते. नसेल तर समावेशासाठी प्रस्ताव द्या: आपली नोंदपानं, जुना नकाशा आणि ती वस्तू विभागासाठी का महत्त्वाची आहे याचे दोन परिच्छेद. पुढे जाहीर सूचना निघते, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, शासनाची मंजुरी लागते. हे वर्षानुवर्षं चालू शकतं, म्हणून यादीची वाट पाहत दुरुस्ती आणि देखरेख थांबवू नका.

सगळं वाचत नाही, हेही मान्य करायला हवं. १८६८ चा कर्नाक पूल धोकादायक झाला होता आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्वेने मोठा ब्लॉक घेऊन तो पाडला. खालून गाड्या धावत असताना खिळखिळा पूल ठेवा असं म्हणणं मला योग्य वाटत नाही. अशा वेळी मागणी वेगळी करायची: पाडण्याआधी पूर्ण मोजमाप आणि छायाचित्रण, नाव-साल कोरलेले दगड हाताने वेगळे काढणं, ते नव्या पुलाच्या तोंडाशीच बसवणं. ही मागणी निविदेच्या आधी गेली पाहिजे. एकदा निविदेत आलं की कंत्राटदार ते पैसे घेऊन करतो. नंतर सांगितलं तर उपकार म्हणून करतो, किंवा करत नाही.

दुरुस्ती: सिमेंट आणि ऑइलपेंटपासून सावध

जुन्या मुंबईत काळा पाषाण, मालाड-कुर्ल्याकडचा पिवळसर दगड आणि वीट चुन्यात बांधली जायची. इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हवेत खार असतो. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यातून हळूहळू बाहेर पडतं. सांधे सिमेंटने भरले की पाण्याला ती वाट उरत नाही, ते दगडातून किंवा विटेतून बाहेर यायला बघतं, क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. सांधा दगडापेक्षा नरम असला पाहिजे, झिजायचं तर सांध्याने झिजावं. सांधा कशाचा आहे हे खिळ्याने हळूच ओरखडून, कोपऱ्यातल्या न दिसणाऱ्या जागी, पाहता येतं: चुना भुगा होऊन निघतो, सिमेंटवर नुसती रेघ उठते.

चुना म्हणजे दुकानातली पांढरी पूड नव्हे. कळीचा चुना भिजवून, विरवून, मुरवून, वाळू आणि सुरखी म्हणजे विटेची पूड घालून चुन्याच्या घाण्यात मळलेला माल लागतो. जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत. हे प्रमाण ऐकीव माहितीवर ठरवू नका. मूळ सांध्याचा नमुना तपासून संवर्धन वास्तुविशारदाने सांगितलेलं मिश्रण वापरा. आणि भर पावसात किंवा कडक उन्हात हे काम नको. पावसाळ्यानंतरचे महिने बरे, रोज गोणपाट ओलं ठेवून.

रहिवाशांनी स्वतः करण्यासारखं थोडंच आहे, पण ते मोलाचं आहे: कचरा हटवणं, पाणी तुंबू न देणं, पिंपळाची रोपं वेळीच काढणं. बोटाएवढं रोप पाऊस संपताना, सांधा ओला असताना, मुळासकट निघतं. मूळ मनगटाएवढं झालं असेल तर ओढू नका, त्याच्याबरोबर दगडही येतो. तिथे फांद्या छाटून तज्ज्ञाला बोलवा.

निवडणुकीआधी किंवा सणावाराला प्याऊला झगमगीत रंग फासला जातो. ऑइलपेंट दगडाचा श्वास कोंडतो. तो काढायला आम्ल किंवा वाळूचा मारा वापरला तर कोरीवकाम कायमचं जातं. लेप लावून, थर थर करून तो काढावा लागतो. लोखंडी खांबांबाबत एक गोष्ट अभियंत्यांच्याही नजरेतून सुटते: जुन्या छपरांचे काही पोकळ खांब पावसाचं पाणी खाली नेण्यासाठीही असतात. फलाटाची उंची वाढवताना त्यांचा पाया काँक्रीटने बंद केला की पाणी आत साठतं आणि खांब आतून सडतो.

काम नीट झालं तर काय होतं, हे पाहायचं असेल तर भायखळा स्टेशनला उतरा. रोजची गर्दी झेलणाऱ्या या जुन्या स्टेशनच्या जतनाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. आपल्या अभियंत्यांना सोबत घेऊन जा, पत्रापेक्षा ती फेरी जास्त समजावते.

पैशाबद्दल थोडक्यात: लहान वस्तूंना फार पैसा लागत नाही आणि मालक खात्याच्या देखभाल खर्चातूनच तो यावा, असा आग्रह धरा. देणगीदार मिळाला तर रक्कम मालक खात्याच्या मंजुरीनंतरच घ्या, आणि वस्तूवर देणगीदाराच्या नावाची फरशी बसणार नाही हे आधीच लेखी ठरवा.

माणसांकडचा वारसा

ट्राम थांबली तेव्हा दहा वर्षांचं असलेलं मूल आज सत्तरीच्या पुढे आहे. ट्रामवर नोकरी केलेले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही मिळणं कठीण. म्हणून दगडाच्या आधी माणसांकडे जा, दगड थोडा थांबेल. बेस्टचे निवृत्त वाहक आणि चालक, मोटरमन, गँगमन, गोदीतले कामगार, माथाडी, कोळीवाड्यातल्या मासे घेऊन लोकलच्या डब्यातून जाणाऱ्या मावश्या. ‘जुन्या आठवणी सांगा’ असं विचारलं की चारच वाक्यं येतात. ‘आजोबा, ट्राम वळताना तुम्ही कुठे उभे राहायचात? तिकीट कोण फाडायचं? पगार कुठल्या खिडकीवर मिळायचा?’ असं विचारलं की तासभर बोलणं चालतं. फोनवर ध्वनिमुद्रण करा, त्याआधी परवानगी घ्या आणि ते कुठे ठेवणार हेही सांगा. त्यांची बोली सुधारू नका. घरचे जुने फोटो, बिल्ले, पास मागून नेऊ नका. खिडकीच्या उजेडात तिथेच फोटो काढा आणि मागे कोण, कुठे, कधी हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

फलक आणि प्रती

वस्तू मोकळी झाली की शेजारी छोटा फलक लावा, वस्तूवर नाही. खिळे, गोंद, सिमेंट तिला लागू देऊ नका. मजकूर मराठीत आधी, चार-पाच ओळींत: ही वस्तू काय, कोणासाठी होती, कोणत्या काळातली, देखभाल कोणाकडे आणि तक्रार कुठे करायची. साल नक्की नसेल तर फलकावर साल घालू नका.

नोंदपानांच्या आणि ध्वनिमुद्रणांच्या तीन प्रती करा. एक गटाकडे, एक विभागातल्या ग्रंथालयात किंवा शाळेत, एक मालक खात्याकडे पोच घेऊन. अभियंता बदलून जातो तेव्हा फाइल मागे राहते, आणि नव्या माणसाला भेटायला जाताना आवक क्रमांकासह तीच दाखवायची. ही भेट दरवर्षी सप्टेंबरअखेर, रस्त्यांची कामं सुरू होण्याआधी ठरवून घ्या आणि जाताना त्या वर्षीचा फोटो सोबत न्या.